इस्त्री केलेला पंख

माय, माझ्या पहिल्या रिमोटवरच्या विमानाला खरं काय काय लागलं, ते एकदा मांडतो. अकरा महिन्यांचे रविवार. डाव्या तर्जनीचं टोक, जे ब्लेडखाली गेलं आणि अजून थंडीत बधिर पडतं. शेजाऱ्यांशी असलेलं बोलणं, कारण इंजिन मी गच्चीवर चालवून बघायचो. आणि तुझ्या तीन दुपारी. बाकीचं सगळं भरून निघालं. त्या तीन दुपारींच्या पोटी जे झालं, त्याचा राग अठरा वर्षं झाली तरी जात नाही, आणि तो तुझ्यावर आहे.

स्वयंपाकघरातली ती दुपार मला दिसते. पंखाचा सांगाडा फरशीवर पडलाय, कागदासारख्या हलक्या लाकडाचा. त्यावर रंगीत प्लॅस्टिकची फिल्म इस्त्रीनं चिकटवायची असते. मी नवीकोरी विजेची इस्त्री आणली आणि पहिल्याच पट्ट्याला भोक पाडलं. तू भाकरीचं पीठ तसंच टाकून उठलीस. "सरक," म्हणालीस. इस्त्री उलटी धरून गालाजवळ नेलीस, तीस वर्षांच्या सवयीनं. "लई तापलीय. थांब जरा." मग आधी कडा धरल्यास, पोट शेवटी, एकदा वरून, एकदा खालून. "एकाच अंगानं ताणलं की शर्टाचा खांदा वाकडा बसतो. ह्येचं बी तसंच असंल." विमानं उडवणाऱ्या आमच्या क्लबातली शिकलेली माणसं नेमकी इथं चुकतात. एक बाजू आधी आवळतात, पंख पिळतो आणि विमान सारखं एका कुशीवर कलतं. तुझा पंख आजपर्यंत पिळलेला नाही. उलटं उडव, लूप मार, नाकावर उभं लटकव, सोडलं की सरळ.

तेव्हा वाळूजला माझी चार लेथ लागली होती, हाताखाली नऊ माणसं होती. आणि तू अजून कॉलनीत लिंबाखाली गाडा लावून कोळशाची इस्त्री फिरवत होतीस. बंद कर म्हणून मी किती ओरडलो. "हात रिकामे ठिवून काय करू?" एवढंच तुझं उत्तर. क्लबात मी सांगायचो की शून्यातून वर आलो. लोकांना ते आवडायचं. ते शून्य लिंबाखाली उभं असतं, हे कधी सांगितलं नाही.

आणि मग त्या रविवारी तू आलीस. न सांगता. काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, करमाडला उतरून, पुढं आम्ही विमानं उडवतो त्या माळापर्यंत पायी, हातात डबा. कशाला आलीस ते मला ठाऊक आहे. आपण ताणलेला पंख वर गेलेला तुला बघायचा होता. एवढंच होतं तर सरळ माझ्याजवळ यायचं ना. तू बाभळीपाशी थांबलीस, आणि क्लबातल्या डॉक्टरसाहेबांनी तुला ओळखलं. त्यांचे शर्ट इस्त्रीला तुझ्याकडेच असायचे.

"मावशी, तुम्ही इकडं कुठं?"

"करमाडला पाहुण्याकडं आलते, साहेब."

ते म्हणाले, बरं झालं आलात, आमची विमानं तरी बघा. तेव्हा तू माझ्या विमानाकडं बोट केलंस आणि विचारलंस, "ते कुणाचं हाय?"

"त्या साहेबांचं. वाळूजला कारखाना आहे त्यांचा."

"असंल. मोठा माणूस दिसतोय."

मग त्यांचे शर्ट संध्याकाळी आणून देते म्हणालीस, डबा माझ्या मोटारीच्या टपावर ठेवलास आणि गेलीस.

हे मी कसं ऐकलं? माझे कान तसेच आहेत. लेथचा आवाज ऐकून बेअरिंग कधी जाणार ते सांगतो. चालू इंजिनाच्या गोंगाटात पाठीमागची कुजबुजही मला ऐकू येते, हे क्लबात सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगितलंय. विमान तेव्हा डोक्यावर उलटं होतं, दोन्ही अंगठे रिमोटवर. अशा वेळी नजर काढली की संपलं. म्हणून वळलो नाही.

पण तुला कोणी सांगितलं होतं, की मला लाज वाटेल? माझ्या वतीनं तू कसं ठरवलंस? एकदा "माझा लेक हाय" म्हणाली असतीस, तर मी काय नाही म्हणणार होतो? संध्याकाळी घरी आलो तर विचारतेस, भाजी आळणी झालती का. दुसरं काही नाही. ना तू काढलंस, ना मी. आणि दोन वर्षांत निघूनही गेलीस, मला भांडायला जागा न ठेवता.

गेल्या रविवारी डॉक्टर माळावर आले होते. आता काठी लागते त्यांना. सदऱ्याची कॉलर चाचपत मला म्हणाले, "एक मावशी होत्या, तशी इस्त्री पुन्हा कुणाच्या हाताला नाही. कुठल्या होत्या कोण जाणे." मी म्हणालो, "असतील इकडच्याच."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहिलं. पाठवायचं कुठं? पंख ज्या खोक्यात ठेवलाय, त्यातच हे कागद ठेवतो. पण ठेवण्याआधी एक दुरुस्त करतो, कारण ते तुलाही माहीत होतं. विमान वर नव्हतं. ते उतरलेलं होतं, माझ्या पायाशी गवतात. इंजिन बंद होतं.