पेडलवर मी होते

मयूर विहार, दिल्ली
रविवार, १६ फेब्रुवारी

चि. सुखदा,

अनेक आशीर्वाद. पहिला कागद फाडून हा दुसरा घेतला. सवयीने हात ‘चि. सौ.’ लिहून गेला आणि मग ते खोडणंही जमेना. पहाडगंजच्या शाळेत इतकी वर्षं मुलांकडून पत्रलेखन घोटून घेतलं, मायन्याचे मार्क कापले, आणि आज माझाच मायना चुकला.

तू फोन घेत नाहीस त्याचा राग नाही. मी तुझ्या जागी असते तर फोन उचलून आपटला असता.

इकडची खबर सांगते. तुमच्या घराला रोज एक चक्कर मारते. फ्रिज रिकामा करून उघडा ठेवलाय. तुळस तगली, गुलाब मात्र गेला. पाणी जास्त झालं असेल, माझा हात तसा सढळच. अमोलचा निळा डांगरी सूट आमच्या बाल्कनीतच राहिला होता. दोनदा धुतला. कोपरावरचे काळे डाग जात नाहीत, ते तसेच असू देत. घडी करून ठेवलाय. घरमालकांनी मार्चअखेरपर्यंत घर असू द्या म्हटलंय, माणूस बरा आहे.

थंडी ओसरली. सकाळी आता समोरच्या टॉवरचे मजले मोजता येतात. जानेवारीत आपलंच गेट दिसत नव्हतं.

सोसायटीत, महाराष्ट्र मंडळात, शोकसभेत, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे, धुकं. काकाही आल्यागेल्याला तेच सांगतात, “धुकं फार होतं हो.” मी चहाचे कप उचलून आत जाते.

काल देवयानीशी बोलले. तुझी बहीण मोठी शहाणी मुलगी आहे, आडपडदा न ठेवता बोलली. तू जेवत नाहीस, दिवसभर तो मोबाइल हातात धरून बसतेस आणि त्या सकाळचा कॉल काढून बघत राहतेस, असं म्हणाली. मंडळाच्या बायकांबरोबर तू आदल्या दिवशीच पानिपतला गेली होतीस. काला अंबच्या युद्धस्मारकापाशी मानवंदना सुरू व्हायची होती, म्हणून तू अमोलला फोन केलास, ‘लवकर ये, सगळे जमलेत.’ एवढंच ना? मीही असते तर तेच म्हटलं असतं. दर चौदा जानेवारीला कुणी ना कुणी कुणाला तरी तेच म्हणतं.

तुझ्या सासऱ्यांचाही मागे फोन आला होता. भाऊसाहेब मोठे माणूस, मुलगा गेलेला, मी काय बोलणार? “सूनबाईंनी घाई केली नसती तर पोरगा आज असता,” असं ते काकांना म्हणाले. फोन स्पीकरवर होता. काका गप्प राहिले. मी तिथेच उभी होते आणि मीही गप्प राहिले. हे तुला कळलं पाहिजे.

आता काकांबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्यांचा उजवा हात थरथरतो. तू बघितलंही असशील, बशी वाजायची म्हणून मी त्यांना मगमध्ये चहा द्यायला लागले होते. कंपवात आहे. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही कुणाला बोललो नाही, बंगळुरूला आमच्या मानसलासुद्धा नाही. शर्टाची बटणं मी लावते, बँकेतली सही मी शेजारी उभी राहून करवून घेते. हे सगळं ते सोसतात. पण रविवारी खाली पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून गाडीपाशी बसायचं, ते मात्र त्यांनी सोडलं नाही. सरकारी नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्यावर सह्या केल्या, स्वतःच्या हाताने काय केलं तर गाडी, असं ते म्हणायचे. लग्नानंतर पहिली जुनी गाडी घेतली तेव्हापासून आमची गाडी कधी गॅरेजात गेली नाही. माझ्या साड्यांना ग्रीसचा वास यायचा. मी कुरकुर करायचे, पण मनातून मला ते आवडायचं.

आणि ब्रेकचं काम एकट्याने होत नाही. तेल बदललं किंवा पाइप उघडला की आत हवा शिरते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा नट सैल करायचा, बुडबुडे नळीतून बाटलीत सोडायचे, नट आवळायचा, मग आतल्याने पाय उचलायचा. एकेक चाक करत जायचं. आमच्याकडे ती आत बसणारी कायम मी. “दाब. धर. सोड.” भांडण झालेलं असलं तरी रविवारी हे तीन शब्द आमच्यात बोलले जायचेच.

काम झालं की पेडल पायाखाली दगडासारखं कडक लागतं. ते कडक झालं की नाही, हे पेडलवरच्यालाच कळतं. काका अमोलला हेच शिकवायचे. “खालचा माणूस आंधळा असतो. वरचा ‘झालं’ म्हणेपर्यंत पाना खाली ठेवायचा नाही.” अमोल हसून म्हणायचा, “म्हणजे काकूच इन्स्पेक्टर!”

ते खरंच होतं. इन्स्पेक्टर मीच होते.

संक्रांतीच्या आधीचा तो रविवार तुला आठवत असेल. तू वर तिळगूळ करत होतीस. अमोलने आपल्या गाडीच्या ब्रेकचे पुढचे पॅड आणि रबरी पाइप स्वतः बदलले होते, सुंदर काम केलं होतं पोराने. हवा काढायला काका बसले. सोसायटीचे चार-पाच जण ऊन खात भोवती उभे होते. काकांच्या हातून पाना निसटला. पुन्हा निसटला. सेक्रेटरी म्हणाले, “अंकल जी, अब रहने दो. सर्विस सेंटर भेज दो, इस उमर में क्यों ज़मीन पे बैठना?” वाईट माणूस नाही तो, बोलून गेला. अमोल लगेच म्हणाला, “अंकल, काका जैसा करते हैं वैसा कोई सर्विस सेंटर नहीं करेगा.” काकांचा चेहरा लाल झालेला मला दारातून दिसत होता.

शेवटचं चाक पुढचं उजवं, माझ्या दाराला लागून. त्यांनी नट आवळला आणि मला म्हणाले, “धरून ठेव.” मी धरून ठेवलं. सुखदा, पेडल माझ्या पायाखाली खाली जात होतं. फार नाही. अगदी हळू, जसं गादीवर बसल्यावर खाली जातं तसं. नट पुरता बसला नव्हता. इतक्या वर्षांनंतर मला ते कळायला कुणाला विचारावं लागत नाही.

“कडक झालं?” त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. काका खालून मान वर करून बघत होते. त्यांचा हात मांडीखाली दाबलेला होता, कुणाला दिसू नये म्हणून. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर त्यांना सगळ्यांसमोर तो नट पुन्हा आवळायला लागला असता.

“झालं,” मी म्हणाले.

वर गेल्यावर अमोलला बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं होतं. त्याने पार्किंगमध्येच एक फेरी मारली, खिडकीतून अंगठा दाखवला. संध्याकाळी तू तिळगूळ घेऊन आलीस, अमोलही आला, काका खुशीत होते, पाइपाबद्दल भरभरून बोलत होते. मी तेव्हाही बोलले नाही. सोमवारी तू पानिपतला निघालीस. अमोल ऑफिसला मेट्रोने गेला, गाडी खालीच होती. सोमवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता. मी मुगाचे लाडू वळले. वाटलं, एवढं काही होत नाही, माझ्या पायालाच आता कळत नसेल. स्वतःला काय वाटेल ते पटवता येतं, त्यात मी हुशार आहे.

मंगळवारी पहाटे तो निघाला. मी गॅलरीतून हात हलवला, पण धुक्यात त्याला दिसला नसेल.

बातमी आल्यावर सगळे तुमच्या बंद दाराशी जमले. मी खाली गेले. अमोलच्या जागेवर, पुढचं उजवं चाक जिथे असतं तिथे, तेलाचा ओला डाग होता. बोट लावून बघितलं. ब्रेकचंच तेल. मी वर आले, बादली आणि साबणाची पूड घेतली आणि तो डाग घासून काढला. वॉचमन म्हणाला, “आंटी जी, आप क्यों? मैं कर देता हूँ.” मी त्याला जा म्हटलं. विचार करून केलं का म्हणशील तर नाही. पण केलं. आणि घासताना मला पक्कं माहीत होतं की मी काय पुसतेय.

पुढे थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलं ते तूही ऐकलंस. मागची गाडी आदळायच्या आधी किती तरी वेळ हॉर्न वाजवत होती, असं म्हणाला तो. सगळ्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. गाडीच्या पुढच्या भागाचा चुरा झालेला, त्यात एक सैल नट कोण शोधणार? पण तू एकदा नीट विचार कर. जो हॉर्न वाजवतो त्याला ट्रक दिसलेला असतो. अमोलला दिसला होता. तो घाईत नव्हता, तुझ्या फोनमुळे त्याचं लक्ष उडालं नव्हतं. त्याचा पाय वेळेवर पडला, सुखदा. पायाखाली जे असायला हवं होतं ते नव्हतं. ते नाही हे मला रविवारपासून माहीत होतं.

हे लिहायला मला एवढी पानं लागली. तुळस, गुलाब, घरमालक.

त्या दिवसापासून काका रोज सकाळी मला विचारत आलेत. मी बटणं लावत असते आणि ते हळूच विचारतात, “पेडल कडक होतं ना गं?” मी म्हणते, “होतं.” मग ते खिडकीकडे बघत बसतात. काल देवयानीचं ऐकल्यावर आज मला ते जमलं नाही. त्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, “नव्हतं. मी खोटं बोलले.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “मी तुला विचारलं होतं, नीला.” आणि माझा हात बाजूला सारून उरलेली बटणं स्वतः लावायला लागले. लागत नव्हती. मी पुढे झाले तर मान हलवली. मी समोर बसून बघत राहिले, शेवटचं बटण लागेपर्यंत. त्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या पायाचा धरला होता. मी त्यांची लाज राखली असं मला वाटत होतं. त्यांच्याकडे राखण्यासारखं जे होतं ते मीच घालवलं, आणि तुझं तर सगळंच.

दुपारी जेवणावरून उठले आणि म्हणाले, “लिही तिला. भाऊसाहेबांनाही लिही. आजच.” भाऊसाहेबांचं पत्र आधी लिहिलं, ते या पत्राबरोबरच टपालात पडेल. मंगळवारी मानस येतोय. त्याला घेऊन आम्ही दोघं केस आहे त्या ठाण्यात जाऊन जबाब देणार आहोत, डाग धुतल्याचाही. त्यापुढे काय होईल ते होवो. या वयात अब्रूची काळजी वाटते, आणि वाटते याचीच लाज वाटते.

हे पत्र काकांना वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी ‘नट पुरता बसला नव्हता’ असं लिहिलंय, ते त्यांना पसंत नाही. नट आपण होऊन बसत नाही, म्हणाले. तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून लिहिते की नट त्यांनी नीट आवळला नव्हता, आणि आपला हात कसा आहे हे त्यांनी अमोलपासून लपवलं होतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काही तरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम कशाला? सामान न्यायला येशील तेव्हा किल्ली वॉचमनकडे असेल, आमची बेल वाजवावी लागणार नाही. फक्त त्या फोनबद्दल तुला कुणी पुन्हा बोललं, कुणीही, तर हे पत्र त्याच्यासमोर ठेव. आणि तू स्वतःला बोललीस तरी ठेव. दोन घास जेवून घे.

अमोलच्या गाडीत पेडलवर बसलेली,
नीला सबनीस

पुढच्या उजव्या चाकापाशी बसलेला,
जयंत सबनीस