अण्णांनी खोडलेलं फाटक

१२ ऑक्टोबर, रविवार

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? दादा म्हणतो, जिने चढता; वहिनी म्हणते, दादा काहीही सांगतो. खरं काय ते तुम्हीच कळवा.

आज एक आनंदाची बातमी द्यायची आहे. पण तिची सुरुवात माझ्या चुकीपासून होते.

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात दर सोमवारी बैठक होते आणि तिचा वृत्तान्त मी लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहे. कागद कापण्याच्या मशीनवर अण्णा आहेत. तीस वर्षं तिथे उभे राहून त्यांचे कान गेले. ऑगस्टमध्ये ठरलं, मशीन दुसऱ्याकडे द्यायचं आणि अण्णांनी फाटकावर बसायचं. अण्णांनी मान हलवली. मी लिहिलं, 'सर्वानुमते'.

सप्टेंबरच्या एक तारखेला ते मशीनपाशी गेले, तर तिथे दुसराच माणूस. माझ्याकडे येऊन म्हणाले, "मी कधी हो म्हटलं?" मी वही दाखवली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं."

बाबा, रागावले असते तर बरं झालं असतं. आम्ही सगळे एकाच वेळी बोलत होतो. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. लोक हसले की ते हसतात, लोकांनी माना हलवल्या की तेही हलवतात. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी 'सर्वानुमते' लिहिलं, कारण ओळ तिथे नीट बसत होती.

पुढच्या सोमवारी मी भिंतीवर मोठा कागद लावला. जो बोलेल त्याचा चेहरा काढायचा, तोंडाजवळ फुगा, फुग्यात त्याचे चार शब्द. मला चित्रकला येत नाही. एक गोळा, दोन ठिपके, झालं. मालकीणबाई म्हणाल्या, "बालवाडी काढलीय का?" खळ लावणारा, ज्याला सगळे चिकटराव म्हणतात, तो म्हणाला, "ताई, हा मी? मला वाटलं बटाटा."

"बटाटा काय बोलला ते वाचा," मी म्हटलं. त्याचंच वाक्य होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं. शिवाय मी लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागे, त्यामुळे एका वेळी एकच जण बोलू लागला.

अण्णा तीन सोमवार नुसते बघत राहिले. मला वाटू लागलं, हे मी त्यांच्यासाठी करतेय की स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून? अजूनही नक्की सांगता येत नाही.

गेल्या सोमवारी विषय होता, गठ्ठ्यातले तळाचे कागद फाटके निघतात. पातं दोनदा धार लावून आणलं, तरी तेच. मी भिंतीवरच्या कागदावर गठ्ठा काढला, वर पातं काढलं, तळाशी फाटक्या रेघा. अण्णा उठले. माझ्या हातातला मार्कर घेतला आणि गठ्ठ्याखाली, पातं जिच्यावर टेकतं ती जाड पट्टी काढली, मधोमध खड्डा पडलेली.

"पात्याला काय मारताय? खालची पट्टी झिजलीय. फिरवा."

पट्टी फिरवली. गठ्ठा कापला. तळाचा कागद इतका स्वच्छ निघाला की मालकीणबाईंनी कडेवरून दोनदा बोट फिरवलं.

मग मी ऑगस्टमध्ये विचारायचं राहिलेलं विचारलं. फाटक काढलं, त्याशेजारी अण्णा, पुढे प्रश्नचिन्ह. त्यांनी फाटकावर आडवी काट मारली, कागद जवळजवळ फाटला. शेजारी मशीन काढलं आणि त्यापुढे स्वतःला, मशीनपेक्षा मोठं डोकं असलेलं. चिकटराव म्हणाला, "एवढं डोकं फाटकातून मावलंच नसतं." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत, कारण ऐकू आलं नव्हतं. मी तो विनोद फुग्यात लिहिला. त्यांनी वाचला, आणि मग एकटेच इतके हसले की आम्हाला पुन्हा हसू आलं.

मी एकेकाला समोर जाऊन विचारलं. चौदा जणांनी हो म्हटलं. मगच वहीत 'सर्वानुमते' लिहिलं. मंगळवारी सकाळी मशीनवर अण्णा होते.

आता जे टाळत आले, ते लिहिते. मार्चमध्ये दादाच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही तुमचं घर भाड्याने द्यायचं ठरवलं. दादाने विचारलं, "बाबांना कळलंय ना?" मी म्हटलं, "मान हलवली की त्यांनी." अण्णांसारखंच तुम्हालाही ऐकू आलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. एक कागद तुमच्यापुढे ठेवायला मला किती वेळ लागला असता? पण तुम्ही नाही म्हणाल, या भीतीने मी तो ठेवला नाही.

भाडेकरूला अजून होकार दिलेला नाही. मी दादाला थांबवलं आहे. सोबत कागद पाठवतेय. त्यावर तुमचं घर आहे, दादाचं आहे आणि माझंही. जिथे राहायचं नाही ते खोडा. तिन्ही नको असतील तर चौथं काढा. जे काढाल, ते आम्ही दोघं पाळू.

या वेळी नुसती मान हलवलेली चालणार नाही.

तुम्हाला सात महिने उशिरा विचारणारी,
तुमची लेक