उन्हात बसण्यापुरतं

प्रिय ठमे,

सोबतच्या पुड्यात एक ट्यूब आहे. ती कपाटात भिरकावण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. तू फोन उचलत नाहीस. लोकांची पत्रं दारोदार पोचवण्यात माझा जन्म चालला आहे, तर म्हटलं एकदा आपलंही टाकून बघावं. ट्यूब सनस्क्रीनची आहे. आता लगेच नाक मुरडू नकोस. आधीच्या क्रीमांनी तुझा चेहरा कसा पेटला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उन्हाने पोळलं नसेल तेवढं उन्हापासून वाचवणाऱ्यांनी पोळलं, असं तूच म्हणाली होतीस. तेव्हापासून तू दिवसाउजेडी बाहेर पडणं सोडलंस. निदान दिवेलागणीनंतर तरी आमच्याकडे यायचीस, आता तेही बंद. तुला पुन्हा या घरात आणायचं, म्हणून हा सगळा खटाटोप आहे.

आपल्या दोघींची कातडी आईची. तोंड धुऊन पुसेपर्यंत गाल ताणायला लागतात. आपल्या घरातली तोंडं लोणी लावलं तरी पिऊन टाकतील आणि वर कोरडीच राहतील, असं ती म्हणायची. तुझ्या बाबतीत त्यात त्या आजाराची भर पडली. जरा ऊन लागलं की नाका-गालांवर लाल चट्टे. मला तो आजार नाही, पण कातडी तीच, आणि माझा अर्धा दिवस सायकलवर उन्हात जातो. तेव्हा मी ठरवलं, जे काही लावायचं ते आधी माझ्या तोंडाला.

पहिलं जेल तुझ्या भावजींनी आणलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, तेलकटपणा अजिबात नाही. आम्हां दोघांना वाटलं, तेल नाही म्हणजे सौम्य असणार. अगं, ते तेलकट चेहऱ्यांसाठी असतं, आणि त्यात स्पिरिट! दुसरी गल्ली येईपर्यंत माझे गाल डफासारखे ताणले होते. पुढचं फुलांच्या वासाचं. घाम आला तसं ते डोळ्यांत उतरलं आणि डोळ्यांना धार लागली. तशीच मी त्या कोपऱ्यावरच्या रिटायर झालेल्या बाईंच्या दारात पाकीट घेऊन उभी राहिले. त्यांचा मुलगा दूर नोकरीला. रडणारी पोस्टातली बाई आणि तिच्या हातातलं पाकीट बघून त्या मटकन पायरीवरच बसल्या. विजेचं बिल होतं. मी त्यांना पाणी आणून दिलं आणि आम्ही दोघी हसलो.

मग मी शहाणी झाले. डाव्या गालाला एक, उजव्याला दुसरं, असं करून संध्याकाळी आरशात बघायचं. टपाल लावायच्या टेबलावर सगळे विचारायचे, आज पाणी अर्ध्याच तोंडाला पुरलं का? हसू दिलं त्यांना. शेवटी तुझ्याच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, खोक्यावर संवेदनशील लिहिलंय त्यावर जाऊ नका, मागचं बारीक वाचा. झिंक ऑक्साइडचं हवं, वास अजिबात नको, आणि जेल नको, क्रीम हवं. आणखी एक सांगितलं, ते नीट ऐक. नुसत्या क्रीमच्या भरवशावर राहायचं नाही, हे खरं. पण तुला उन्हाची बंदी नाही, बिनबंदोबस्ताच्या उन्हाची आहे. तू ती सरसकट लावून घेतलीस.

ही ट्यूब मी अख्खा उन्हाळा वापरली. गाल ताणले नाहीत, डोळे झोंबले नाहीत, सालपटं निघाली नाहीत. तरी माझं तोंड ते माझं, तुझं ते तुझं. म्हणून आधी थोडं कानामागे लाव आणि काही दिवस वाट बघ. आग झाली नाही तरच चेहऱ्याला. चेहरा ओलसर असतानाच तुझं नेहमीचं मॉइश्चरायझर लाव, ते मुरू दे, मग दोन बोटांवर रेघ येईल एवढं हे घे. चोळू नकोस, थापत थापत लाव. कंजुषी केलीस तर लावून न लावल्यासारखं. रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्या हव्यातच. आणि ऊन चढायच्या आत ये, आम्ही काही तुला भरदुपारी बोलवत नाही. एकच खोट आहे, याने तोंड पांढरं दिसतं, चुना फासल्यासारखं. तू आधीच घरात बसून बसून फिकट पडली आहेस, तुला काय फरक पडणार!

आता तू येणं का बंद केलंस त्याबद्दल. मागच्या खेपेला नुकतेच नवे चट्टे उठले होते आणि तू बाबांच्या समोर बसली होतीस. ते तुझ्याशी बोलत होते, पण बघत होते तुझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे. जिन्यात तू मला म्हणालीस, बाबांना माझं तोंड बघवत नाही गं. खरं काय ते मला माहीत होतं, पण बाबांनी मला शपथ घातली होती. ती आज मी मोडते आहे, त्यांना काय वाटायचं ते वाटो. ठमे, त्यांनी शिवणकाम पाठीमुळे नाही सोडलं. सुई हातात धरूनही त्यांना ती दिसत नव्हती. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं दुखणं आहे, गेलेलं परत येत नाही. दिव्याच्या उजेडात त्यांना माणसाचा नुसता आकार कळतो. तू नेहमी अंधार पडल्यावर यायचीस. त्या दिवशी ते तुझ्या आवाजाच्या रोखाने बघत होते गं, आणि त्यांचा अंदाज चुकला. तुझे चट्टे त्यांनी अजून पाहिलेलेच नाहीत. तुला आधीच तुझं काय कमी आहे, म्हणून सांगू नको म्हणाले.

भर उजेडात मात्र समोरचा चेहरा त्यांना अजून थोडा दिसतो. परवा माझी सुट्टी होती. सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि मी ही क्रीम थापून, पांढरीफटक, त्यांच्यासमोर जाऊन बसले. ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ठमे? अगं, तू उन्हात कशाला आलीस? आणि खुर्चीचा हात धरून धडपडत उठले आणि माझ्या नि उन्हाच्या मध्ये येऊन उभे राहिले, त्यांची सावली माझ्या तोंडावर पडेल असे. मी म्हणाले, बाबा, मी थोरली. ते हलले नाहीत, तसेच उभे राहिले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तिला सांग, मला अजून दिसतंय म्हणावं. किती दिवस दिसेल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ठमे, सकाळची ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
थोरली