गिरजाच्या छातीचा फोटो

९ जानेवारी २०१८, मंगळवार
सुनंदा पैठणहून आली. एसटी पाऊण तास लेट. आमची पोरगी तिथं सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळं बोलते ते हुकूम सोडल्यासारखं. चपला काढायच्या आत सांगून टाकलं, आईचा मॅमोग्राफीचा नंबर लावलाय, इथंच शहरात, कॅन्सरच्या दवाखान्यात. शब्द मला लिहिता येईना. तिनं पेपराच्या कडेला लिहून दिला, त्यावरून उतरवला.
कारण रुक्मिण. गिरजाची धाकटी बहीण, सोयगावची. दिवाळीनंतर गेली. छातीत गाठ होती, वर्षभर पदराखाली झाकून हिंडली. दाखवली तोवर गाठ बाहेर फुटली होती.
गिरजा मेथी निवडत होती. म्हणाली, "मला दुखत नाय, खुपत नाय. चांगल्या अंगाला दवाखाना कशाला दावायचा?"
सुनंदा म्हणाली, "दुखल्यावर दावू म्हणूनच मावशी गेली."
जुडी संपली.

१० जानेवारी
सु. सकाळी परत गेली. जाताना यंत्राचं समजावून गेली. दोन तावदानं असतात, मध्ये छाती धरून दाबतात आणि क्ष-किरणानं फोटो काढतात. दोन्ही बाजूंचे दोन-दोन. छातीचा नेहमीचा फोटो वेगळा, तो फुफ्फुसाचा. हा फक्त गाठ शोधायचा.
विचारलं, लागतं का. म्हणाली, लागतं, पण सहन होतं.
माझ्या डोक्यात तेच. आत काही निजलेलं असेल, त्याला दाबलं तर जागं होईल. शिवाय किरण. कारखान्यात वेल्डिंगकडं बघू देत नव्हते, इथं तर थेट अंगातून

११ जानेवारी
कालचं वाक्य अर्धंच राहिलं, गॅसवाला आला होता.
लिहायची सवय गेटवरची. चिकलठाण्याला कारखान्यात रखवालदार होतो, तीस वर्षं. नोंदवहीत नाव, काम, बाहेर गेल्याची वेळ, आत आल्याची वेळ. शाळा चौथीपर्यंत, तीही तुटक. पण वेळ कधी चुकवली नाही.

१३ जानेवारी
सय्यदभाई भेटले, गेटवरचे माझे जोडीदार. मशिदीसमोरच्या हॉटेलात चहा. त्यांच्या बायकोचा हा फोटो निघालाय म्हणून मुद्दाम विचारलं.
"हौ, निकाले ना. पहले में कुछ दिखा बोले, सुई डाले. कुछ नै निकला."
म्हटलं, मग चांगलंच झालं की.
"अच्छाच हुआ मियाँ. मगर वो पंद्रा दिन हमारे घर में कोई किसीसे जोर से बोला नै."
पुढच्या वर्षी परत काढला का, विचारलं. काढला म्हणाले. ती स्वतःच रिक्षा करून गेली.
दोन्ही बाजू ऐकल्या. घरी येईपर्यंत कुठली जड ते ठरेना.

१४ जानेवारी, संक्रांत
गिरजानं तिळाच्या वड्या केल्या. रुक्मिणीच्या घरी या वर्षी पाठवायच्या की नाही, यावर स्वतःशीच बोलत होती. पाठवल्या नाहीत.
मला मेंढरं आठवली. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा. बाप कळप घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडं गेला आणि पुढं बरीच वर्षं तिकडंच. व्यालेल्या मेंढ्यांची कास दिवस मावळायच्या आत हातानं बघायची, हे माझं काम. तळहात सपाट ठेवायचा. गरम लागते का, एखादा भाग दगडासारखा लागतो का. लवकर कळलं तर शेकून, पिळून मेंढी वाचायची. उशिरा कळलं तर कास काळी पडायची. संशय आला की बाप मारुतीचा शेंदूर तेलात कालवून कासेला लावायचा. गुण शेकाचा का शेंदराचा, कोणी विचारलं नाही.
शंभर मेंढ्यांची कास मला तोंडपाठ होती. लग्नाला पन्नासावर वर्षं झाली, गिरजाला कधी विचारलं नाही, की बाई, तुझं काही दुखतं का.

१६ जानेवारी, मंगळवार
दवाखाना. फोटो आज नव्हता. सु.नं सांगितलं होतं, तुमच्या शंका डॉक्टरबाईलाच विचारा, मला फोनवर पिडू नका. चिठ्ठी करून नेली. डॉ. बाई तरुण आहेत, पण ऐकून घेतात.
विचारलं, किरणानं नसलेला आजार होईल का. म्हणाल्या, किरण फार थोडा असतो. धोका शून्य आहे असं सांगणार नाही, पण या वयाला तो अगदी किरकोळ, आणि फायदा त्याच्यापेक्षा मोठा.
दाबल्यानं गाठ पसरते का. नाही.
फोटो चांगला आला म्हणजे काही नाही असं समजायचं का. तसंही नाही म्हणाल्या. कधी असलेलं दिसत नाही, कधी नसलेलं दिसतं. हाताला गाठ लागली तर फोटो चांगला असला तरी यायचं.
मग त्या आपण होऊन म्हणाल्या, "आणखी एक आहे, बाबा. काही वेळा असं काही सापडतं की जे जन्मभर त्रास देणार नव्हतं. पण एकदा सापडलं की तसंच सोडायचा धीर ना तुम्हाला होतो, ना आम्हाला. मग उपचार होतात."
मी म्हटलं, मग काढायचा कशाला. म्हणाल्या, कारण जे त्रास देणार असतं ते लवकर सापडलं तर माणूस वाचायची शक्यता वाढते. सख्ख्या बहिणीला झालं होतं, म्हणून मी काढा म्हणेन. पण जबरदस्ती नाही.
चिठ्ठीवर अजून चार प्रश्न होते. गिरजा मध्येच म्हणाली, "यांचं सरायचं नाय. माझं एकच सांगा. फोटो बाई काढती का बाप्या?"
"बाईच काढते."
"मग काढा."
शनिवारची वेळ मिळाली. चिठ्ठी तशीच घडी करून खिशात.

२० जानेवारी, शनिवार
पहाटे मारुतीला गेलो. शेंदराची पुडी आणली, तेलात कालवला. गिरजाची अंघोळ झाली होती. म्हटलं, दोन्ही बाजूला खालच्या अंगाला बोट-बोट लाव. म्हणाली, "मी काय मेंढी हाय का?" मी वाटी धरून उभाच राहिलो. शेवटी आत जाऊन लावून आली. "घ्या. तुमचा जीव थंड झाला ना?"
दवाखान्यात स. ९.४०. आत घेताना तिथल्या बाईनं विचारलं, पावडर लावलीय का. गिरजानं नाही सांगितलं. खोटं नव्हतं, पावडर आमच्या घरात नाहीच.
बाहेर आली स. १०.०५. मी तोंडाकडं बघत होतो. रिक्षात बसल्यावर बोलली. दोन हातांत भाकरीचा गोळा चेपावा तसं करतात म्हणाली. चार वेळा. दम धरायला सांगतात, दहा मोजायच्या आत सोडतात.
जुन्या पुलापाशी म्हणाली, "रुक्मिणीला एवढंच सोसायचं होतं."

२५ जानेवारी
फोन आला. परत बोलावलं, मंगळवारी. मी एकटाच जाऊन डॉ. बाईंना भेटलो, थांबवलं नाही मला. दोन्ही बाजूंना पांढरे कण दिसतात, मिठाचे कण सांडल्यासारखे. गाठ नाही. कण साधे असू शकतात, नसूही शकतात. परत मोठा करून फोटो, मग कदाचित सुई.
गिरजाला सांगितलं. ऐकलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं हाक मारली. फळीसमोर उभी होती. "हरभऱ्याची डाळ निळ्या डब्यात. तिखट बरणीत, पण वरचं काढू नका, ते जुनं हाय. साखर ह्याच्यात, मुंग्या लागतात, झाकण दाबून लावायचं."
मी म्हटलं, मला कशाला सांगतीस.
"असू द्या म्हाईत."

२७ जानेवारी
सु.चा फोन. कणांचं ऐकून तिचाही आवाज जरा उतरला, पण म्हणाली, बहुतेकांचं काही निघत नाही. 'बहुतेकांचं' हा शब्द तिनं तीनदा वापरला.
फोटो काढलाच नसता तर आज गिरजा नेहमीसारखी शेजारणीशी भांडत असती. आणि आत काही असतं तर तेही तसंच असतं. ती भांडत असती आणि ते वाढत असतं. यापुढं मला जाता येत नाही.
आज तिनं मला कुकरची शिट्टी बसवायला शिकवली.

३० जानेवारी, मंगळवार
जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.
बाकावर बसलो होतो. समोर पाटी. मागच्या वेळी तिच्यातला एकच शब्द वाचला होता, पावडर, आणि आपल्याला लागू नाही म्हणून सोडून दिली. माझं वाचणं सावकाश. आज वेळ होता, बोट धरून ओळ पुरी केली. अंगावर पावडर, मलम, तेल अथवा कोणताही लेप लावून येऊ नये.
दोन वेळा वाचली.
गिरजाला आत घेतलं होतं. मी दार वाजवलं. आतल्या बाई रागावल्या, पुरुषांनी येऊ नये. मी डॉ. बाईंच्या खोलीत गेलो, पेशंट बसलेला असताना. सांगितलं, मी शेंदूर लावायला लावला होता, मारुतीचा, खालच्या अंगाला.
त्यांनी विचारलं, आजही? आजही. आज तर दोन बोटं.
गिरजाला बाहेर बोलावलं, फोटो अजून निघाला नव्हता. मी मान खाली घालून उभा. ती म्हणाली, "त्यांचं काय ऐकता. मीच लावला. तिथं दारात पदरानं पुसला बी होता."
मी म्हटलं, मी सांगितला म्हणून लावला. ती म्हणाली, माझ्या हातानं लावला. डॉ. बाई म्हणाल्या, "कोणीही लावलेला असू दे. शेंदरात शिसं असतं, ते फोटोत पांढरं दिसतं. जा, साबणानं धुवून या. पुसायचं नाही, धुवायचं."
सिस्टरनं गरम पाणी दिलं. परत फोटो, दोन्ही बाजूंचे. म्हणजे चाराचे आठ झाले. तो जादा किरण माझ्या नावावर.
दु. १ ला कळलं. उजवीकडचे कण सगळे गेले. डावीकडचेही गेले, पण सगळे नाही. आतल्या बाजूला चार-पाच राहिले. ते शेंदराचे नाहीत.
डॉ. बाईंनी पडद्यावर दाखवले. मला काही दिसलं नाही, दिसलं म्हटलं. हे बहुधा निरुपद्रवी वाटतात म्हणाल्या. आत्ता सुई घालून तपासता येईल, किंवा सहा महिन्यांनी परत फोटो काढून बदल झाला का बघता येईल. मी थांबा म्हणेन, पण बहिणीचं लक्षात घेता तुम्हाला सुई हवी असेल तर चूक म्हणणार नाही.
रिक्षात गिरजाला हसू आलं. पदर तोंडाला लावून बराच वेळ. "सुनंदाला सांगू नका. जन्मभर चिडवंल."

२ फेब्रुवारी
सु.ला सांगितलं. चिडवलं नाही, तेच जास्त लागलं.
माझं मत सुई. सु.चं मत सहा महिने. गिरजाला विचारलं तर म्हणाली, थांबू. का, विचारलं. "सय्यदभाईच्या बायकोचं तुम्हीच सांगितलं ना. पंद्रा दिवस."
म्हटलं, इथं सहा महिने होतील. म्हणाली, "सहा महिने रोज घाबरायला मला येळ कुठंय? तुम्ही घाबरा. तुम्हाला काम नाय."

१८ फेब्रुवारी
डॉ. बाईंनी तिला सांगितलंय, महिन्यातून एकदा अंघोळीला हातानं बघत जा, बदल वाटला तर ये. आज दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाली, मला हातानं काय कळत नाय, सगळं सारखंच लागतं. मग भिंतीकडं बघून, "मेंढ्यांचं तुम्हाला कळायचं म्हणं."
हात गरम पाण्यानं धुतले. तळहात सपाट ठेवायचा, जोर करायचा नाही. विसरलो नव्हतो. रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.
नोंद: दगडासारखं काही नाही. दोन्ही बाजू सारख्या.
पण ते कण हाताला लागत नसतात, असं डॉ. बाई म्हणाल्या होत्या. म्हणजे माझ्या हाताला जिथवर कळतं, त्याच्या पलीकडचं ते आहे. यंत्राचं काम तिथून पुढं.

१८ मार्च
नोंद: बदल नाही. पाडवा. तिनं गुढी उभी केली, मी खुर्ची धरली.

१८ एप्रिल
नोंद: बदल नाही. हात थंड होते म्हणून रागावली.

१८ मे
नोंद: बदल नाही.
मनात एक खोच आहे. मधून मधून वाटतं, परत फोटो काढला नसता तर आतले कण कळलेच नसते, शेंदूर कामी आला. फेब्रुवारीत थांबतो म्हणून सांगायला गेलो तेव्हा हे डॉ. बाईंना बोललो. म्हणाल्या, नाही बाबा, ते पहिल्या फोटोतही होते, शेंदराच्या गर्दीत दबले होते. म्हणजे मी झाकणाराच होतो.
रुक्मिणीनं पदरानं झाकलं. मी शेंदरानं.

१८ जून
नोंद: बदल नाही. पाऊस नाही. सु. येऊन गेली.

१८ जुलै
नोंद: डावीकडं आतल्या अंगाला बोटभर जागा जरा वेगळी वाटली. परत बघितलं, वाटली नाही. तिसऱ्यांदा बघू म्हटलं, तर गिरजा म्हणाली पुरे. तिला सांगितलं नाही. बोटंही म्हातारी झालीत.
सु.ला फोनवर सांगितलं. म्हणाली, तारीख तेरा दिवसांवर आहे, आईही जायच्या तयारीत आहे, घाबरवू नका, पण डॉक्टरांना नक्की सांगा. जागा लक्षात ठेवा.
लक्षात आहे.

३१ जुलै, मंगळवार
पाणी मीच तापवलं. नवा साबण. स. ७ ला तिची अंघोळ झाली.
देवळीत शेंदराची पुडी जानेवारीपासून तशीच. ती माझ्याकडं बघत होती, मी पुडीकडं बघत होतो हे तिनं ओळखलं. म्हणाली, "परत आल्यावर लावू. आधी काय हाय ते दिसू द्या."
मग डाळ भिजवायला घेतली. डबा सापडेना, मीच निळा पुढं केला. म्हणाली, "म्हाईत हाय की." रागानं नाही.
बोटभर जागेचं एका चिठ्ठीवर लिहून घेतलंय. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात. रिक्षा दारात आहे.
बाहेर: स. ८.१०, दोघं.
आत: