टाकी क्रमांक तीन कोरडी नव्हती

प्रति,
मा. अधिकारी,
माती व भूजल शुद्धीकरण शाखा,
नगर कार्यालय, दुसरा मजला

विषय : बंद पेट्रोल पंपाच्या जागेतील तिसरी टाकी गुरुवारच्या काँक्रीटआधी उकरून काढण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांना मिळून आलेले आपले एक उत्तर.

महोदय,

१. मी सदर पंपावर सव्वीस वर्षे टाकी-मिस्त्री होतो. जागेला लागूनच माझ्या थोरल्या बहिणीची लाँड्री असून तिचा गॅसवर चालणारा बॉयलर तळघरात आहे. गेले दोन महिने त्या तळघराच्या भिंतीतून पेट्रोलचा वास येत आहे. आपल्या ठेकेदाराने दोन टाक्या काढल्या, काळी पडलेली माती चाळीस ट्रक भरून नेली व नवी माती टाकली, हे मान्य आहे. परंतु तपासणीचे नमुने घेतले ते त्या नव्या मातीचे. ती स्वच्छ निघाली नसती तरच नवल.

२. पहिल्या अर्जानंतर आपले अभियंता तळघरात आले. लाँड्रीत डाग काढायचे द्रावण असते, वास त्याचाच, असे सांगून ते पाच मिनिटांत गेले. बहिणीने त्याच दिवशी सगळे डबे हलवले. वास हलला नाही. दुसऱ्या अर्जानंतर त्यांनी मला फोनवर समजावले, "काका, जन्म पंपावर काढलात, तुमच्या नाकातच पेट्रोल बसलंय." बहीणही त्यांच्याच बाजूची. "तुला फूल हुंगायला दिलं तरी तू टाकी शोधत बसशील," असे म्हणून ती बॉयलर पेटवायला खाली गेली. तो पेटेपर्यंत मी जिन्यात जीव मुठीत धरून उभा होतो.

३. आपल्या उत्तरात म्हटले आहे की, तिसरी टाकी एकोणीस वर्षांपूर्वीच रिकामी करून वाळूने भरली असून तसा मिस्त्रीचा दाखला दप्तरी आहे. सबब ती उकरण्याचे कारण नाही.

४. सदर मिस्त्री मीच. उपसायची नळी टाकीच्या बुडापर्यंत पोचत नाही. तळाचे पेट्रोल झाकण काढून हातपंपाने ओढावे लागते. त्या दिवशी हातपंप बिघडलेला, वाळूचा ट्रक फाटकात उभा आणि मालक डोक्यावर बसलेले. मी मोजायचा गज घातला, तो वीतभर ओला निघाला. एवढ्या टाकीत वीतभर म्हणजे काही शे लिटर. मी गज पँटला पुसला, वाळू ओतायला सांगितली आणि दाखल्यावर 'कोरडी' असे लिहून सही केली. आधीच्या दोन अर्जांत हे लिहायची माझी छाती झाली नाही. मला याची लाज वाटते.

५. तरी सदर दाखला खोटा धरावा, माझ्यावर काय ती कारवाई करावी, पण तिथे होणाऱ्या वाहनतळाचे काँक्रीट गुरुवारी पडण्यापूर्वी ती टाकी व तिच्याखालची माती काढावी. हवा भरायची शेड गेली, तिचा ओटा शिल्लक आहे. टाकी त्याखाली, लाँड्रीच्या भिंतीपासून चार पावलांवर आहे. वर काँक्रीट पडले की पेट्रोलच्या वाफेला तळघराखेरीज वाट उरणार नाही.

६. हे सर्व आज सकाळी बहिणीला सांगितले. तिने खाली जाऊन बॉयलर बंद केला. धंदा सुरू केल्यापासून कामाच्या दिवशी तो प्रथमच बंद आहे. आपल्याकडून कोणी न आल्यास गुरुवारी सकाळी सातपासून त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसण्याचा माझा विचार तिच्या कानावर घातला. ती म्हणाली, "एक कशाला? दोन ने."

तिसऱ्यांदा तसदी देणारा व प्रथमच खरे लिहिणारा,
(सही)
निवृत्त टाकी-मिस्त्री
मंगळवार, दुपारी

सोबत : १. दाखल्याची माझ्याकडील प्रत.
२. ओट्याचा हाताने काढलेला नकाशा.