गोऱ्या मॅडमच्या जागी आसेगावची नीलिमा

आदरणीय चंपाआत्या,

थायलंडहून तुझ्या भाचीचा सविनय जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की बाटली कपाटातच सांभाळून ठेवली आहेस? बाबांचं बीपी काय म्हणतं? (त्यांना विचारू नकोस, "मले काय धाड भरली?" म्हणतील.) मी बरी आहे, थोडी काळवंडले आहे, म्हणजे होते तशीच आहे.

बी.एड.च्या आधी एक वर्ष परदेशात इंग्रजी शिकवीन म्हणून निघाले, तेव्हा आसेगावच्या स्टँडवर केवढे हार घातलेत तुम्ही! इथे उतरले तर मुख्याध्यापिका माझ्या मागे कुणाला तरी शोधत होत्या. इंग्रजी शिकवायला येणारी बाई गोरीच असते, अशी इथली समजूत. पालकही दाराशी येऊन बघून गेले. खोटं कशाला सांगू, खोलीवर जाऊन रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, इंग्रजीत नाही तर नाही, धम्मात तरी यांना आपलं पाणी दाखवू. हेही बौद्ध, आपणही बौद्ध. मला कोण काय शिकवणार!

पौर्णिमेला सगळी शाळा विहारात गेली. म्हातारे भन्ते समोर आले आणि मी आपल्याकडच्या सवयीने त्यांच्या पायांना हात लावायला वाकले. इथे बाईने भन्तेंना शिवायचं नसतं, हे मला सोडून पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक. (‘शिवायचं नसतं’ ऐकून आधी माझं टाळकंच सटकलं. पण हा नियम सगळ्याच बायांना, जातीपातीचा नव्हे, हे मागून कळलं.) भन्ते इतक्या चपळाईने मागे सरकले (तुझ्याच वयाचे, पण गुडघे चांगले) की मी रिकाम्या फरशीला वंदन करून उठले. पोरं हसली. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. तुमचं काय ते सत्र संपल्यावर बघू, म्हणाल्या. म्हणजे सत्र संपलं की मला परत पाठवणार, हे मला कळलं.

त्यानंतर तपासणीला साहेब आले. वर्ग उभा राहिला, सगळ्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम!" अगं, वर्गात शिरताना मी सवयीने रोज तेच म्हणते, पोरांना वाटलं, हेच इंग्रजी. साहेबांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्यांना तरी काय ठाऊक? पण ठाऊक नाही म्हणतील त्या मुख्याध्यापिका कसल्या! हे फार वरच्या दर्जाचं इंग्रजी आहे, असं त्यांनी ठोकून दिलं. साहेबांनीही वाकून जय भीम घातला. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. परमुलखात इतक्या जणांचा जय भीम एकदम कानावर पडेल, असं वाटलं नव्हतं.

इथे आपला ठेचा मिळत नाही, बाकी कशाची तक्रार नाही.

तुझी,
नीलिमा

ता. क. संध्याकाळी मुख्याध्यापिकांना खरा प्रकार सांगून टाकला. त्या पहिल्यांदाच पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, अजून एक वर्ष राहा. मला राहायचं आहे आत्या, मनापासून. पण निघताना बाबांनी बजावलं होतं, "एक साल म्हंजे एकच साल, पोरी!" तू त्यांची मोठी बहीण. तुझा शब्द ते मोडत नाहीत.

आणखी ता. क. तुला चष्म्यानेही अक्षर लागत नाही आणि माझी पत्रं बाबाच तुला वाचून दाखवतात, हे मला माहीत आहे. फोनवर ते मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीत; पत्र मात्र शेवटपर्यंत वाचावंच लागतं. तर बाबा, जय भीम. राहू ना? (आत्या, ते गप्प झाले असतील तर आधी पाणी दे. जेवायला मात्र ‘हो’ म्हटल्यावरच वाढ.)