मागच्या खोलीतली ऊब

विक, १४ जानेवारी

प्रिय मर्डो,

तू बरा असशील. तिकडे शेटलंडला वारा इथल्याहून वाईट आहे म्हणतात, तेव्हा कान झाकून हिंड. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं. मला आत्ता उत्तर हवंय, भांडण नको.

आपण वेगळे होण्याआधी तू बसवलेला बॉयलर अजून खुटखुटत का होईना, घर तापवतो. फक्त मागच्या खोलीतला रेडिएटर ऐकत नाही. हात ठेवला तर जेमतेम कोमट. आणि नेमकी तीच खोली आपल्या कर्स्टीच्या बाळाची. पुढच्या आठवड्यात त्याला इन्व्हरनेसच्या हॉस्पिटलातून सोडणार आहेत. फार लवकर जन्मलं रे ते. आता कुठे साखरेच्या किलो-किलोच्या दोन पुड्यांएवढं झालंय. त्याआधी तिथल्या नर्स सिंक्लेअर बाई घर बघायला येतील. खोली गार असली तर त्याला सोडणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

मी काय काय केलं ते सांगते, नाहीतर तू तेच विचारशील. वरच्या स्क्रूतून हवा काढली. फुस्स झालं नाही, थेट पाणीच आलं, म्हणजे आत हवा नाही. आकड्यांचा नॉब काढून आतली खिटी दाबली. अडकलेली नाही, टुणकन वर येते. बाकीचे सगळे रेडिएटर बंद करून पाहिले, तरी हा गारच. पाणी आणणारी नळी चटका बसेल इतकी गरम आणि परत नेणारी बर्फ.

विजेचा हीटर लाव म्हणशील. लावला होता. कर्स्टीने उचलून गॅरेजात ठेवला. म्हणाली, हवा कोरडी होते. गावातला मिस्त्री पाठ धरून बसलाय आणि आपले जावईबापू महिनाअखेरीपर्यंत समुद्रात, तेलविहिरीवर.

कर्स्टी बरी आहे. थोडं थोडं खाते. काल म्हटलं, "चल, बाळाला बघून येऊ." तर म्हणाली, "रस्त्यावर बर्फ आहे, आई." रस्ता सकाळीच साफ केला होता. असो.

लवकर कळव.

इशबेल

विक, २४ जानेवारी

प्रिय मर्डो,

तुझं पत्र बोटीने वेळेवर आलं. तू सांगितलंस तसं रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाची पांढरी टोपी काढली. खाली पितळी दांडी होतीच. जवळजवळ पूर्ण बंद. पाण्याला परत जायला वाटच नव्हती. दांडीवर ताजे, चकचकीत ओरखडे होते.

खाली तू लिहिलं होतंस, 'ती आपोआप बंद होत नाही, पाना लागतो.' ते वाचून मी जमिनीवरच बसून राहिले. या घरात आम्ही दोघीच. माझ्या हातात पाना आला तो त्या दिवशी पहिल्यांदा. आणि दुसरीला तो धरायला तूच शिकवलंस.

स्वयंपाकघरात गेले. कर्स्टी बटाटे सोलत होती. माझ्या हातातला पाना पाहून तिने सुरी खाली ठेवली.

"बाबांनी सांगितलं?"

"त्यांना काय ठाऊक? त्यांनी फक्त पान्याचं सांगितलं."

तिने सालं मुठीत गोळा केली. मग म्हणाली, "आई, तिथे त्याच्या छातीला तारा लावल्यात. श्वास चुकला की घंटा वाजते, कुणीतरी धावत येतं. इथे कोण वाजवणार घंटा? मला झोप लागली तर?"

"म्हणून खोली गार केलीस?"

"गार असली की ते त्याला ठेवून घेतात."

मर्डो, माझ्या तोंडात वाईट शब्द आला होता. 'कसली आई तू!' असा. पण तिच्या मुठीकडे नजर गेली. बटाट्याची सालं इतकी घट्ट दाबली होती की बोटांतून पाणी गळत होतं. शब्द गिळला. म्हटलं, "मलाही भीती वाटते गं."

"तुला? तुला कधी कशाची भीती वाटलीय?"

"तू तान्ही होतीस तेव्हा तुझ्या नाकाखाली आरसा धरून बसायचे. वाफ धरते का बघायला."

"आरसा?" ती हसली, आणि मग जी रडू लागली ती थांबेचना.

शेवटी डोळे पुसून तीच खोलीत आली. मी दांडी फिरवायला लागले तर पाना हिसकावून घेतला. "अगं, पूर्ण नको उघडूस! दीड आटा बास. नाहीतर बैठकीतला रेडिएटर उपाशी मरेल." तुझाच आवाज! मग आम्ही दोघी परतीच्या नळीवर हात ठेवून बसलो. हळूहळू ती गरम झाली.

सिंक्लेअर बाईंना तिने स्वतःच सगळं सांगितलं. मला वाटलं, आता मूल काढून घेतात की काय. बाई म्हणाल्या, "एका आईने तर बाळाला घरी न्यायच्या दिवशी गाडीची किल्ली गटारात टाकली होती." दोन रात्री कर्स्टीला हॉस्पिटलातच, बाळाबरोबर एका खोलीत ठेवलं. तारा काढलेल्या, मदतीला नर्स बाहेर. पहिल्या रात्री पापणी मिटली नाही. दुसऱ्या रात्री गाढ झोपली, बाळ कुरकुरलं, आणि हिला जाग आली. फोनवर हे सांगताना हुंदके देत होती.

उद्या दोघं घरी येतायत. खोली गार केल्याचं तुला कळवू नको म्हणून तिने बजावलंय. तरी कळवलं, कारण दिवसा तिला धीर देते ती मी, अंधार पडला की मी स्वतःच बाळाच्या रिकाम्या खोलीच्या भिंतीला कान लावून बसते. किती दिवस निभेल ठाऊक नाही.

रेडिएटर आता छान तापतो. तेव्हा तुला बोलवायला कामाचं निमित्त उरलेलं नाही. काही मोडलेलं नसताना ये, मर्डो. बोट कधीची ते कळव, धक्क्यावर मी येईन.

नातं काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून नुसतीच

इशबेल